वशिला नको, पोच हवी



'शासनाची दारे सर्वांना खुली आहेत' हे वाक्य आपण मेळाव्यांतून, उद्घाटनांतून आणि निवडणुकीच्या सभांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याकडे कोणी लक्षही देत नाही. बोलणारे खोटे बोलतात असे आम्ही म्हणणार नाही. दाराला कुलूप नाही, कायद्याने कोणाला मज्जाव नाही. परंतु मंद्रूपच्या पेठेत शिलाई मशीनवर बसलेल्या एखाद्या कारागिराला विचारा की त्या खुल्या दारापर्यंत जायला तुझे किती दिवस मोडतात, किती रुपये जातात आणि वाटेत किती जणांना सलाम करावा लागतो. उर्दूत ज्याला रसाई म्हणतात आणि मराठीत पोहोच, तिचा खरा हिशेब त्याच्यापाशी मिळेल. हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण एवढेच की पोहोच हीसुद्धा बाजारातल्या मालासारखी चीज झाली आहे. तिला भाव आहे, आणि लहान माणसाला ती मोठ्यापेक्षा महाग पडते.

आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्याची गंमत अशी की तालुक्याचे मुख्य ठिकाण तालुक्यातल्या कोणत्याही गावात नाही, ते सोलापूर शहरात आहे. मंद्रूप विजयपूरच्या रस्त्यावर, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. भीमेकाठची गावे त्याहून लांब. अंतर फार नाही असे नोकरदाराला वाटेल. पण एका दाखल्यासाठी सकाळची एस.टी. धरायची, कचेरी उघडेपर्यंत थांबायचे, साहेब मीटिंगला गेले असे ऐकायचे, झेरॉक्सच्या दुकानात रांग लावायची आणि 'सोमवारी या' हा निरोप घेऊन परतायचे, यात कारागिराचा पुरा दिवस जातो. नोकरदार रजा टाकतो, त्याचा पगार चालू राहतो. कारागिराचे मशीन बंद म्हणजे चूल बंद. लग्नसराईत किंवा ईदच्या आधीच्या पंधरवड्यात दुकान एक दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढते आणि पुष्कळदा तिकडचेच होऊन जाते. दाखल्याची सरकारी फी थोड्या रुपयांची असते. तीन हेलपाट्यांत बुडालेली कमाई कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. दाखला स्वस्त आहे असे म्हणणाऱ्याने हा आकडा मिळवूनच बोलावे.

मंद्रूपला अपर तहसील कार्यालय आले, ही म्हणूनच साधी गोष्ट नव्हती. आजूबाजूच्या गावांचा शहराचा फेरा पुष्कळ कामांत वाचला. मंत्र्याच्या दहा भाषणांनी जे झाले नसते ते एका कचेरीची जागा बदलल्याने झाले. पोहोच या शब्दाचा पहिला अर्थ अंतर आहे, आणि अंतर कमी करणे सरकारच्या हातात असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तरीही कचेरी जवळ आल्याने सगळे सुटले असे नाही. आता माणूस खिडकीपाशी लवकर पोहोचतो आणि लवकर परत पाठवला जातो. कारण खिडकीपाशी विचारतात कागद.

कागदांत पहिला घोळ नावाचा. आपल्या समाजात हा घोळ जेवढा आहे तेवढा दुसरीकडे क्वचितच असेल. शेख हे आडनाव इंग्रजीत 'एस-एच-ए-आय-के-एच' असेही लिहितात, 'एस-एच-ई-आय-के-एच' असेही, आणि कोणी घाईचा कारकून 'एस-एच-ई-के-एच' लिहून मोकळा होतो. महंमदचे मोहम्मद होते, मोहम्मदचे नुसते 'मो.' होते. घरातली बाई रेशनकार्डावर फातिमाबी, आधारवर फातिमा, बँकेच्या पासबुकात फातमाबी आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या आडनावाने. गावात सगळे तिला ओळखतात. संगणक ओळखत नाही. त्याच्या हिशेबी त्या चार बायका आहेत. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदला, पुन्हा हेलपाटे. आम्ही आमच्या गल्लीत असे किती तरी अर्ज पाहिले की जे पात्रतेवर नाकारले गेलेच नाहीत, ते एका अक्षरावर अडले. त्यात भाषेची अडचण वेगळीच. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी कानडी, कचेरीत मराठी, मकतबात उर्दू आणि अरबी, आणि शेवटी अर्ज भरायचा तो इंग्रजी चौकटींत. पाच भाषांत व्यवहार करणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणतो, कारण सहाव्या ठिकाणी त्याची सही चुकते.

दुसरा घोळ जातीचा. आपली आडनावेच धंद्याची आहेत: बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, नदाफ, मोमीन. यांतल्या कित्येक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ कित्येक वर्षे गावोगाव नेली, तिला अभिनेते दिलीपकुमार यांची साथ मिळाली, आणि १९९४ साली राज्य शासनाने निर्णय काढून या बिरादऱ्यांना दाखल्यांची वाट मोकळी केली. धर्मावर काही मागितले नव्हते. धंद्यावर, मागासलेपणावर मागितले होते. म्हणून ते टिकले. याउलट २०१४ च्या जुलैमध्ये मुस्लिमांतील मागास गटांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो अडवला नाही, तरी त्याचा कायदा कोणी केला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. त्या अध्यादेशावर आपल्याकडे अजून तावातावाने बोलले जाते. १९९४ च्या निर्णयावर मात्र कोणी बोलत नाही, आणि त्याचा लाभ घेण्यासारखी किती घरे अद्याप दाखल्याविना आहेत याची मोजदाद कोणत्याही जमातीने केलेली आम्हांला ठाऊक नाही.

दाखला मिळत नाही त्याचे कारण समजून घ्या. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. घरात आजोबांचा शाळेचा दाखला असला तर त्यावर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच. त्या वेळच्या मास्तरांनी विचारले नाही आणि आजोबांनी सांगितले नाही. पुष्कळांचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. मग उरते कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने खत, एखादा खरेदीचा दस्त. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारा शोधा, त्याची फी द्या, नक्कल काढा. एवढे करून जो पुरावा हाती येतो तो भाऊ, चुलतभाऊ, पुतणे असा सगळ्या भावकीला चालतो. पण आपल्याकडे प्रत्येक घर नव्याने शोध सुरू करते. एकाला सापडलेली नोंद तो कपाटात ठेवतो, दुसऱ्याला दाखवत नाही. बिरादरीच्या बैठकीत मानपानावर दोन तास जातात आणि या नकलेवर पाच मिनिटे नाहीत. याला सरकार जबाबदार नाही. ही आपली कंजुषी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इतका त्रास असल्यावर माणूस काय करतो? तो ओळख शोधतो. अमुक साहेबांचा पी.ए., तमुक नेत्याचा उजवा हात, कचेरीबाहेर बसणारा एजंट. आपल्या समाजात पोहोच या शब्दाचा अर्थच पुष्कळांना असा वाटतो की आपल्या माणसाची वर ओळख आहे. 'भाईजान की पहुँच है' असे आपण अभिमानाने सांगतो. आमचे स्पष्ट मत आहे की ही पोहोच नव्हे, हा वशिला आहे, आणि वशिल्यावर धंदा करणे म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीला टेकू देऊन घर बांधणे. ओळखीने झालेले काम ओळख तुटली की अडते. निवडणुकीत माणूस हरला, पक्ष बदलला, नाराज झाला, की ज्यांची कामे त्याच्या फोनवर झाली त्यांच्या हाती ना अर्जाचा क्रमांक असतो ना तारीख. शिवाय त्या एका कामाच्या बदल्यात पुढच्या पाच वर्षांची मते, मेळाव्याला माणसे आणि सणाला हार-तुरे द्यावे लागतात. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: एवढ्या महाग व्याजाने आपण सावकाराकडूनही कर्ज घेणार नाही.

याला उतारा आहे, आणि तो कायद्यातच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवली आहे. अर्ज दिला की तारीख आणि क्रमांक टाकलेली पोच मिळाली पाहिजे. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. पुरेसे कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. या सगळ्याची किल्ली एका चिठोऱ्यात आहे, ती म्हणजे पोच. ज्याच्याकडे पोच नाही त्याने अर्ज दिलाच नाही असे धरले जाते. आपले लोक हेलपाटे मारतात पण पोच मागायला लाजतात. साहेबांना राग येईल अशी भीती. उधारीवर माल देताना आपण वहीत सही घेतो की नाही? तिथे लाज वाटत नाही. मग सरकारला अर्ज देताना का वाटावी?

पोच मागितली की राग येतोच असेही नाही. आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांनी उत्पन्नाच्या दाखल्याला दोन महिने वाट पाहिली, दर खेपेला तोंडी विचारून परत आले. एके दिवशी ते नुसते एवढेच म्हणाले की साहेब, मला लेखी द्या की हा अर्ज कोणत्या कारणाने थांबला आहे. दाखला त्याच आठवड्यात मिळाला. आरडाओरड नाही, पुढाऱ्याचा फोन नाही. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नावे लांबली तशी खिडकीही रुंद व्हावी अशी आमची नम्र अपेक्षा आहे.)

राजकारणाकडे वळू. आपल्याकडे राजकारण म्हटले की चर्चा विधानसभेची, लोकसभेची होते. सोलापूरचे चार हुतात्मे आपण मानतो, त्यांत कुर्बान हुसेन आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेले तेव्हा त्यांच्याकडे कोणती खुर्ची नव्हती. हे राजकारण आपल्याला परके नाही. पण आज किती आमदार, किती खासदार, एवढीच मोजणी होते. सोलापूर लोकसभेची जागा २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. मुसलमानाला अनुसूचित जातीत धरत नसल्याने तिथे आपला उमेदवार उभाच राहू शकत नाही. मुसलमानांची संख्या लक्षणीय असलेल्या काही जागा राखीव होतात आणि दलितांची संख्या अधिक असलेल्या खुल्या राहतात, ही गोष्ट सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवली होती. मुद्दा रास्त आहे. दलित बांधवांच्या आरक्षणाशी आपले भांडण नाही आणि असू नये. कोणती जागा राखीव ठेवायची याच्या रीतीविषयी बोलता येते. परंतु मंद्रूपच्या बागवानाचा रोजचा धंदा दिल्लीत ठरत नाही. तो ग्रामपंचायतीत ठरतो.

आठवडी बाजारात बसायची जागा कोणाला, बाजार कराचा ठेका कोणाला आणि किती दराने, पंचायतीच्या गाळ्यांचा लिलाव कधी आणि त्याची नोटीस कोणत्या भिंतीवर लावली, ना हरकत दाखला किती दिवसांत, नमुना ८ च्या उताऱ्यावर दुकान कोणाच्या नावाने, मटणाच्या दुकानांना पाणी आणि गटार मिळणार की नाही. हे सगळे राजकारणच आहे. पंचायत कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. कोणाच्या परवानगीने, कोणाच्या ओळखीने नव्हे. यापेक्षा रुंद दार या देशात दुसरे नसेल. आणि त्या दारातून आपण किती जण आत जातो? आम्ही पाहतो ते असे की दुकानदार म्हणतो, दुकान उघडे आहे, मी कसा येऊ. कारागीर म्हणतो, तिथे आपले कोण ऐकणार. तरुण म्हणतो, ते सगळे आधीच ठरलेले असते. मग गाळ्यांचा लिलाव झाला की तक्रार होते की आम्हांला कळलेच नाही. नोटीस लावली होती, सभा झाली होती, इतिवृत्तात ठराव आहे. लागोपाठ चार सभांना दहा दुकानदार जाऊन बसले आणि प्रत्येक वेळी त्यांनी एकच लेखी प्रश्न दिला, तर पंचायतीला त्याची नोंद घ्यावीच लागते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे आपल्या घरातल्या बाया जात नाहीत, कारण आपण पाठवत नाही. पंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्याच भगिनीच्या नावाने खुर्चीवर मात्र तिचा नवरा बसतो. दुसरे आपल्याला आत घेत नाहीत अशी तक्रार करताना आपण घरातल्या निम्म्या माणसांना बाहेर ठेवले आहे, हे बोलायला हवे.

पंचायतीचा आणि धंद्याचा संबंध किती थेट आहे याचे उदाहरण पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत मिळते. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. अठरा धंद्यांच्या कारागिरांसाठी आहे: सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, कुलूप दुरुस्त करणारे, चांभार, न्हावी, हार गुंफणारे वगैरे. नोंदणी मोफत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे कर्ज. अर्जाची पहिली पडताळणी कोठे होते? ग्रामपंचायतीत. म्हणजे ज्या पंचायतीच्या सभेला आपण जात नाही, तिथेच आपला कारागीर खरा की खोटा हे ठरते.

या यादीत पिंजारी नाही, विणकर नाही, कल्हईवाला नाही, बांगड्या भरणारा मणियार नाही, फळे विकणारा बागवान नाही. बागवानाने फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेकडे पाहावे म्हटले तर २०२० ची ती योजना शहरांच्या हद्दीत विकणाऱ्यांसाठी. सोलापूरच्या मंडईबाहेर गाडा लावणारा तिच्यात बसतो, गावच्या बाजारात त्याच फळांची टोपली घेऊन बसणारा त्याचा सख्खा भाऊ बसत नाही. दोघांनी फळे एकाच अडत्याकडून घेतली असतील. इथे खुल्या दाराची गोष्ट चालत नाही. या माणसासाठी दार बांधलेलेच नाही, आणि ते बांधा अशी मागणी नावानिशी, धंद्यानिशी करावी लागेल. 'समाजावर अन्याय होतो' असे मोघम निवेदन दिले की त्याला मोघम उत्तर येते. 'गावच्या बाजारातील फळविक्रेत्यांसाठी बिनतारण खेळते भांडवल' असे लिहिले तर निदान ते कोणत्या टेबलावर जायचे हे तरी ठरते.

कर्जाचा विषय निघाला आहे तर तो टाळून चालणार नाही. सच्चर समितीच्या पाहणीत काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या धंद्यावर जगणारे निघाले. इतर समाजांपेक्षा हे प्रमाण जास्त. म्हणजे भांडवलाची गरज आपल्याला जास्त. पण बँकांच्या प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जखात्यांत आपला वाटा सुमारे बारा टक्के असताना कर्जाच्या रकमेत तो पाच टक्क्यांहूनही कमी होता. खाते आहे, रक्कम नाही. काही बँकांनी मुस्लिम वस्त्या नकारार्थी म्हणून चिन्हांकित केल्याचेही त्या अहवालात आहे. त्यानंतर २०१५ ला मुद्रा आली, तारण लागत नाही असे जाहीर झाले, आणि तरी व्यवस्थापकाच्या टेबलासमोर बसलेल्या कारागिराला 'तारण काय?' हा प्रश्न अजून ऐकावा लागतो.

आपल्यातले पुष्कळ जण व्याज वर्ज्य मानून बँकेच्या कर्जाकडे पाहत नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो आणि त्यातला निवाडा उलेमांवर सोडतो. व्यवहाराच्या दोन गोष्टी मात्र सांगायच्या आहेत. एक, व्याज नको म्हणून कर्ज न घेणारा दुकानदार ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर चढ्या भावाने माल घेतो, आणि त्याच घरातली बाई साप्ताहिक हप्त्याच्या बचत गटात किंवा फायनान्स कंपनीत अडकलेली असते. ते व्याज कोणी मोजत नाही. दोन, विश्वकर्मातली अवजारांची रक्कम आणि प्रशिक्षणाचा भत्ता हे कर्ज नाही. उद्यम नोंदणी हे कर्ज नाही. चालू खाते, विमा, अन्न परवाना यांत कर्ज नाही. व्याजाच्या भीतीने आपण या बिनव्याजी गोष्टींनाही हात लावत नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधारवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. तिच्यासाठी पाचशे ते हजार रुपये घेणाऱ्या एजंटांची दुकाने मात्र चांगली चालतात. घरी शिवणकाम, भरतकाम, पापड-लोणचे करणाऱ्या भगिनींनी ही नोंदणी स्वतःच्या नावाने करावी. काम तिचे आणि कागद दिराच्या नावाने, ही रीत आता सोडा.

शिक्षणावर या पानात थोडेच लिहितो. मदरशात जाणारी आपली मुले शेकडा तीन-चारच आहेत, बाकीची साध्या शाळेत जातात किंवा कोठेच जात नाहीत, हे सच्चर समितीने दाखवले, तरी सगळी चर्चा त्या तिघांवरच होते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, नववी-दहावीपुरती ठेवली. रक्कम लहान होती, पण कारागिराच्या घरात तीच वह्या-पुस्तकांची सोय होती, आणि ती बंद होताना आपल्या व्यापारी मंडळांतून एक ओळीचा निषेध गेल्याचेही आमच्या पाहण्यात नाही. आमची खरी चिंता दहावीनंतरची आहे. मुलगा उर्दू शाळेतून निघतो, मराठीत अर्ज लिहिता येत नाही म्हणून कचेरीला घाबरतो, इंग्रजीत कमी म्हणून कॉलेजला घाबरतो आणि मामाच्या गॅरेजमध्ये लागतो. गॅरेजचे काम वाईट नाही. पण आय.टी.आय.चे प्रमाणपत्र असलेला मेकॅनिक आणि नसलेला मेकॅनिक यांत हात तोच असतो, पगार आणि कर्जाची पात्रता वेगळी. मुलींचे तर विचारूच नका. बस वेळेवर नाही म्हणून अकरावीला घरी बसवलेल्या मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. तिच्या शिक्षणाचा प्रश्न कॉलेजात प्रवेश मिळण्याचा नसतोच, तो संध्याकाळच्या एस.टी.चा असतो. आगाराला त्यासाठी लेखी अर्ज किती पालकांनी दिला?

भीमा आणि सीना जिथे मिळतात ते हत्तरसंग कुडल आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याच्या शेवटचा आशय आहे. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांपूर्वी या भागातल्या कोणीतरी दगडावर ही गोष्ट लिहून ठेवली, आणि आज त्याच तालुक्यातला आपला बांधव छापील अर्ज वाचायला दुसऱ्याला पैसे देतो.

आता करायचे काय, ते सांगतो. मंद्रूपसारख्या प्रत्येक बाजारगावात व्यापारी आणि कारागीर मिळून आठवड्यातून एक दिवस, जुम्याच्या नमाजनंतर दोन तास, एखाद्या दुकानात कागदांचे टेबल मांडू शकतात. संस्था नको, अध्यक्ष नको, फलक नको. अध्यक्ष आला की भांडण आलेच. दोन शिकलेली मुले, त्यांत एक मुलगी असावी म्हणजे बायांना येता येईल, एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि एक वही. वहीत रकाने पाच: नाव, अर्ज कशाचा, दिल्याची तारीख, पोच क्रमांक, मुदत कधी संपते. मुदत संपली की त्याच टेबलावर अपील लिहायचे. दुसरी वही बिरादरीनिहाय जुन्या पुराव्यांची, कोणाच्या घरी कोणत्या साली कोणती नोंद सापडली याची. तिची नक्कल मागेल त्याला द्यायची. मुलांना प्रत्येक अर्जामागे वीस-तीस रुपये मेहनताना ठरवून द्या, फुकट राबवू नका. फुकटचे काम तीन महिन्यांत बंद पडते. टेबल आपल्या मोहल्ल्यात असले तरी येणारा कोण हे विचारायचे कारण नाही. शेजारच्या वडार, कैकाडी, ढोर बांधवांचे हेलपाटे तेच आहेत आणि त्यांच्या जुन्या नोंदीही त्याच मोडीत आहेत.

खर्चाचा अंदाज आम्ही काढला आहे. दहा दुकानदारांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये काढले तर कागद, शाई आणि वीज भागते. संगणक कोणाकडे तरी जुना पडलेला असतोच. पुढच्या ग्रामसभेची तारीख पंचायतीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.